ठोक्याला उत्तर

दार लोटून घे रे. आणि तो मोबाइल उलटा ठेव, सगळा उजेड माझ्या तोंडावर मारतोय. ऐकायचं तर नीट ऐका, नाहीतर आपापल्या अंथरुणात जा. मला काही हौस नाही घसा फोडून घ्यायची. आणि मध्येच 'काका, मला बाहेर जायचंय, सोबत चला' असं म्हणायचं असेल त्यानं आत्ताच जाऊन यावं. एकदा सुरू झालो की मी उठणार नाही.

यातलं थोडं मी डोळ्यांनी पाहिलंय. बाकीचं ज्यानं भोगलं त्यानं मला सांगितलं, आणि तो थापा मारणारा माणूस नव्हता. थाप मारायलाही डोकं लागतं. त्याचं सगळं डोकं भिंतीत होतं.

आम्ही त्याला कोरड्या म्हणायचो. मी नळाचा फिटर, तो गळती काढणारा मिस्त्री. एकाच गल्लीत राहायला, दोघांची दारं समोरासमोर. कुणाच्या छतातून पाणी ठिबकतंय, कुणाच्या भिंतीला ओल आलीय, की कोरड्याला बोलवा. तो येणार, भिंतीसमोर मांडी घालून बसणार आणि तासभर नुसता बघत राहणार. घरमालक वैतागायचा, म्हणायचा, अहो काम कधी सुरू करणार? कोरड्या म्हणायचा, सुरू आहे.

घरी तो आणि त्याची थोरली बहीण, दोघंच. ताई. आईबाप लवकर गेले आणि हिनंच त्याला वाढवलं. लोकांचे कपडे शिवले, स्वतःचं लग्न केलं नाही, त्याला कामाला लावलं. कोरड्याचंही लग्न राहूनच गेलं. ताई तोंडाची फटकळ होती, मलाही चार लोकांत झापायची. पण कोरड्या घरी आल्याशिवाय घास घ्यायची नाही.

तिला दमा होता. साधासुधा नाही. रात्री एकदा श्वास अडकला की हाक मारायलाही दम पुरायचा नाही. घर तर दोन खोल्यांचं. आतली तिची, बाहेरची याची, न्हाणीघर याच्या खोलीतून पुढे. मधल्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोघांची अंथरुणं. दम लागला की ताई बोटाच्या पेरानं भिंतीवर ठोकायची. कोरड्या झोपेतसुद्धा पलीकडून दोनदा ठोकायचा. ठक-ठक. म्हणजे, आलो. मग धावत जायचा, तिला उठवून बसवायचा, तोंडाला दम्याच्या औषधाचा पंप लावायचा. एकदा त्याला उशीर झाला होता. तेव्हा डॉक्टरनं कोपऱ्यात घेऊन सांगितलं होतं, यावेळी वाचल्या, पुन्हा उशीर केलात तर माझ्याकडे आणू नका. तर एवढं लक्षात ठेवा. त्या बाईचा जीव त्या ठोक्यावर होता.

आता कामाचं सांगतो.

नोव्हेंबर महिना होता. पाऊस संपून बरेच दिवस झाले होते, तरी एका बंगल्याच्या तळघराची भिंत वाळत नव्हती. मालकाला खाली ऑफिस थाटायचं होतं. दोनदा रंग दिला, दोनदा फुगून पडला. शेवटी गुरुवारी त्यानं कोरड्याला निरोप धाडला आणि हा दुपारी पिशवी घेऊन गेला.

तळघराची भिंत पोकळ ब्लॉकची. ब्लॉक पाहिलेत ना तुम्ही? सिमेंटचे, आतून रिकामे. वरून भिंत कशी भक्कम दिसते, पण आत सगळे खण. बाहेरच्या मातीतलं पाणी एकदा त्या खणांत उतरलं की तिथेच साचून राहतं. तुम्ही आतून सिमेंट फासा, रंग फासा, पाणी आतल्या आत चढत जाणार. खाली दाबलं तर वर फुटणार.

कोरड्यानं आधी चंदेरी फॉइलचा तुकडा घेतला, डब्यात पोळ्या गुंडाळतो ती, आणि चारी बाजूंनी चिकटपट्टी मारून भिंतीवर चिकटवला. मालक म्हणाला, हे काय, सजावट? कोरड्या म्हणाला, उद्या बघू. पाणी फॉइलच्या आपल्या अंगाला जमलं तर ते खोलीतल्या हवेचं. आणि मागं भिंतीच्या अंगाला सापडलं तर पलीकडचं. या बाजूचं की त्या बाजूचं, एवढं कळलं की अर्धं काम झालं. हे तो सगळ्यांना सांगायचा. कंटाळा येईपर्यंत सांगायचा.

शुक्रवारी गेला, फॉइल काढली. पुढून कोरडी, मागून थबथबलेली. पलीकडचं पाणी. मग बाहेर चक्कर मारली तर छपराच्या पन्हळीचा पाइप थेट भिंतीच्या मुळाशी सोडलेला आणि अंगणाचा उतार घराकडे. म्हणजे सगळा पावसाळा या शहाण्यांनी स्वतःच्या भिंतीला पाजला होता. कोरड्यानं मालकाला समजावलं, आधी खालच्या थराला भोकं पाडून आतलं पाणी काढू, मग पाइप लांब नेऊ, अंगणाचा उतार फिरवू, आणि सगळं वाळलं की लेप. मालक म्हणाला, करा काय ते, मी वर टीव्ही बघतोय.

हा खाली एकटा. कुठल्या ब्लॉकमध्ये पाणी आहे ते कळायला हातोडीच्या दांड्यानं ठोकत जायचं असतं. रिकामा ब्लॉक खणखणतो, भरलेला बद्द वाजतो. आणि कोरड्याची पद्धत अशी की प्रत्येक ब्लॉकवर दोनदा. एकदा ऐकायला, एकदा खात्री करायला.

ठक-ठक. बद्द.

ठक-ठक. बद्द.

ठक-ठक. खणखणीत.

असं करत तो कोपऱ्यापर्यंत पोचला. आणि तिथे भिंतीतून आवाज आला. बोटाच्या पेराचा. हळू... थांबून थांबून...

त्याला वाटलं मालक बाहेरून मस्करी करतोय. पण वाटायच्या आधी हात गेला होता. सवयच तशी. वर्षानुवर्षं झोपेतून उठून तेच केलेलं. त्यानं भिंतीवर दोनदा ठोकलं आणि तोंडानं म्हणालासुद्धा, "आलो गं."

मग त्याच्या लक्षात आलं. हे तळघर आहे. या भिंतीच्या पलीकडे अंगण नाही. पलीकडे माती आहे. डोक्याच्याही वरपर्यंत माती.

हसतोस काय रे? हस, हस. जरा थांब.

जिन्यावर पावलं वाजली. मालक आणि मालकीणबाई दोघंही खाली आले. मालकाचं तोंड कडू.

"तुम्ही उत्तर दिलंत?" त्यानं विचारलं.

"कशाला?"

"ठोकल्याला. उत्तर दिलंत ना? वर ऐकू आलं आम्हाला. कशाला दिलंत हो? आता रात्रभर चालेल."

कोरड्यानं हातोडी खाली ठेवली. तेव्हा मालकानं सांगितलं. शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल सांगावं तसं सांगितलं, अगदी त्रासून. म्हणे आमची आई इथे असायची. हिंडता-फिरता येत नव्हतं, वर जागा नव्हती, म्हणून खाली ठेवली. तिला काही हवं असलं की भिंतीवर ठोकायची. पाणी द्या. कूस बदला. दिवा लावा. दिवस म्हणू नका, रात्र म्हणू नका.

"एकदा उत्तर दिलं ना, की आपण जागे आहोत हे तिला कळायचं," मालकीणबाई म्हणाल्या. "मग थांबायचीच नाही. म्हणून आम्ही उत्तर देणं बंद केलं. दोन-चार दिवस जड गेलं, मग झाली सवय."

"आणि मग?"

"मग काय... जुलैत खाली पाणी शिरलं. त्या रात्रीही ठोकत होती. आम्हाला काय स्वप्न पडलं होतं पाणी शिरल्याचं? आम्हाला वाटलं रोजचंच."

मालक म्हणाला, "भोकं पाडून झाली का?"

कोरड्यानं भोकं पाडली. काय करणार, हातात घेतलेलं काम. खालच्या थरातून गढूळ पाणी धार धरून वाहायला लागलं. चर काढून ते उपसायच्या मोटरीकडे वळवलं आणि संध्याकाळ व्हायच्या आत तो घरी आला. मला गल्लीत भेटला. म्हणाला, माणसं आहेत की काय आहेत ही. थुंकला आणि घरात गेला.

त्या रात्री भिंतीवर ठोकलं.

कोरड्यानं दोनदा ठोकून उत्तर दिलं, धावत आत गेला. ताई गाढ झोपेत. त्यानं तिला हलवलं. तिनं डोळे उघडले आणि असा झाडला म्हणून सांगू! "मेल्या, आत्ता कुठे डोळा लागला होता माझा. मी कशाला ठोकू?" हा परत आला, आडवा झाला. पुन्हा ठोकलं. पुन्हा धावला. ताई झोपलेली. पुन्हा. पुन्हा. उजाडेपर्यंत त्याच्या पायाला दम नव्हता. न जाऊन चालणार आहे का? एखादा ठोका खरा निघाला तर?

सकाळी लाल डोळे घेऊन तो बंगल्यावर गेला. तळघराची भिंत ठोकून पाहिली. सगळे ब्लॉक खणखणीत. पाणी निघून गेलेलं. मालकीणबाई चहाचा कप घेऊन खाली आल्या, तोंडभर हसत.

"अहो, काय गुण आहे तुमच्या हाताला! किती महिन्यांनी रात्री स्वस्थ झोपलो. एकदाही ठोकलं नाही."

कोरड्यानं कपाला हात लावला नाही. त्यानं सांगितलं, ती माझ्याकडे आलीय. माझी बहीण आजारी आहे, तिच्या भिंतीतून ठोकते. काय करू सांगा.

त्या बाईला काही वाटलं असेल तर शपथ. म्हणाली, "उत्तर देऊ नका. तुम्ही जाता म्हणून ती बोलावते. उशी घ्या कानावर आणि पडून राहा. कंटाळते मग. आम्ही नाही का केलं?"

आणि मालक वरून ओरडला, "पाइपचं काम राहिलंय, विसरू नका!"

कोरड्या तिथून थेट माझ्याकडे आला. सगळं सांगितलं. मी म्हटलं, ताईला घंटा दे. काय रे पोरा, तुझ्याही मनात तेच आलं ना? तो म्हणाला, घंटेपर्यंत हात गेला तर ना. दम लागला की ती चाचपडते, पंपसुद्धा सापडत नाही तिला. मग त्यालाच सुचलं. आज मी ताईच्याच खोलीत, तिच्या खाटेला लागून खाली झोपतो. दम लागला की तिनं नुसता हात खाली सोडायचा. भिंत मध्ये नाहीच, मग ठोकायचं कारणच उरत नाही. आणि तरीही ठोकलं, तर ते पलीकडचं. या बाजूचं नाही. आपल्याला घेणंदेणं नाही.

मला पटलं ते. तुम्हालाही पटलं असतं. बिनतोड होतं.

तो शनिवार होता. नोव्हेंबरातला तिसरा शनिवार. रात्री अकराच्या सुमाराला आमच्या सगळ्या गल्लीची वीज गेली, ती सकाळपर्यंत आली नाही. त्यानं ताईच्या खाटेला लागून खाली सतरंजी अंथरली. ताईला भुताखेताचं काही बोलला नव्हता. ती म्हणाली, "लहान होतास तेव्हा असाच निजायचास. पाय खाटेखाली घालून."

तो म्हणाला, "ताई, दम लागला तर हात धर माझा. ठोकू नको."

"बरं बाबा, नाही ठोकत."

तिनं हात खाली सोडला. त्यानं तो धरला. आणि आदल्या रात्रभरचा जागा माणूस, दगडासारखा झोपला.

जाग आली ती ठोक्यानं.

मिट्ट काळोख. आवाज मधल्या भिंतीतून. पण पलीकडून. त्याच्या स्वतःच्या खोलीतून. रिकाम्या खोलीतून.

ठक... ठक...

त्यानं आधी वर हात नेला. खाटेवरून खाली आलेला हात त्याला लागला. होती. ताई होती. हात गार होता. थंडीचे दिवस. त्यानं कान दिला. वर श्वास चालला होता. संथ. मोकळा. किती वर्षांत ताईचा इतका मोकळा श्वास त्यानं ऐकला नव्हता. त्याला बरं वाटलं. मला सांगताना तो हेच पुन्हा पुन्हा सांगत होता, मला बरं वाटलं रे...

ठक. ठक. ठक.

त्याची बोटं वळवळली. दोनदा ठोकायला. त्यानं मूठ आवळली. उत्तर द्यायचं नाही.

ठोके वाढले. पेराचे नाहीत आता. तळव्याचे. मग मुठीचे. कुणीतरी जीव तोडून मारत होतं.

तो उठून बसायला गेला. सवयीनं. नुसता सवयीनं...

वरच्या हातानं त्याचा हात घट्ट धरला.

तो म्हणाला, "काही नाही ताई. झोप."

वरून उत्तर नाही. फक्त हात. आणि तो मोकळा श्वास.

त्यानं दुसऱ्या हातानं उशी ओढली. कानावर दाबली. तरी येत होतं. मग कमी झालं. मग नुसतं खरवडल्यासारखं. नखानं.

मग...

मग थांबलं.

कंटाळली, त्याला वाटलं. बाई म्हणाली होती तसंच झालं. सुटलो एकदाचे. आणि तो हात धरूनच झोपी गेला.

पहाटे माझ्या दारावर धडाधडा वाजलं. उघडलं तर कोरड्या. माझं मनगट धरून ओढायलाच लागला. मी नुसत्या बनियनवर धावलो.

ताई त्याच्या खोलीत होती. बाहेरच्या. मधल्या भिंतीला टेकून बसलेली, मान छातीवर. रात्री कधीतरी उठून न्हाणीघराकडे निघाली असणार. भावाची झोप मोडू नये म्हणून त्याला न उठवता, त्याला ओलांडून. आणि परत येताना तिथेच श्वास अडकला. पंप आत, भाऊ आत, मध्ये भिंत. जे आयुष्यभर केलं तेच तिनं केलं. हाताच्या पेरांची सालं गेली होती. भिंतीवर रक्ताचे ठिपके होते, वरपासून खालीपर्यंत, जसजशी ती खाली घसरत गेली तसे.

डॉक्टर म्हणाला, एकदम नाही गेल्या. बराच वेळ झगडल्या असतील. शेजारी कुणी नव्हतं का?

कोरड्या माझ्याकडे बघत होता. रडत नव्हता. नुसता विचारत होता. "मी हात धरला होता ना तिचा... रात्रभर धरला होता... मग तो..."

मी त्याला धरून ओट्यावर बसवलं.

चार शेजारी जमले. कुणीतरी म्हणालं, अंगावर घालायला चादर आणा. मी आतल्या खोलीत गेलो. खिडकीतून उजेड यायला लागला होता. ताईच्या खाटेवरची चादर ओढली, तर ती हातात जड आली. ओली. मी गादीवर तळवा दाबला आणि मनगटापर्यंत पाणी आलं. गार, गढूळ, मातीचा वास मारणारं पाणी. सगळी गादी नाही. एका माणसाच्या अंगाएवढी. डोकं, खांदे, पाठ, पाय. एक हात कडेवरून खाली गेलेला.

मी फिटर माणूस. पाणी दिसलं की आधी वर बघतो. छत कोरडं. भिंत चाचपली, कोरडी. सतरंजी, फरशी, सगळं कोरडं. शेवटी गादी उचलली. दोघांना मिळून उचलावी लागली, इतकी ती भिजली होती. खालच्या फळ्यांवरून हात फिरवला.

फळ्या कोरड्या ठणठणीत होत्या. धूळ होती त्यांच्यावर.